घरच्या २०० लिटरच्या रीफ टँकसाठी कोणतं सॉल्ट मिक्स घ्यावं?

तुम्ही दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं उत्तर कशाला धरून आहे ते कळेल. ठाण्यात २०० लिटरचा रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक. त्यात दोन क्लाउनफिश, झोआ, मश्रूम, एक लेदर हे मऊ प्रवाळ आणि नुकतीच घेतलेली हॅमर, म्हणजे दगडी सांगाड्याचा प्रवाळ. डोसिंग, म्हणजे कॅल्शियम वगैरे वेगळं घालणं, काही नाही, दर रविवारी १० टक्के पाणी बदलता. दुकानदार म्हणतो महागातलं ‘कोरल’ सॉल्टच घ्या, मित्र म्हणतो साधं चालतं, आणि उरणचे मामा मिठागरातलं पोतंभर मीठ पाठवायला तयार आहेत.

माझं उत्तर असं: ज्याच्या तयार पाण्याचा केएच (पाण्यातली मुख्यतः बायकार्बोनेटची क्षारता, ती डीकेएच या एककात मोजतात) ८ डीकेएचच्या आसपास भरतो, जे सीलबंद मिळतं आणि तुमच्या भागात वर्षभर मिळत राहील, असं कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचं साधं रीफ सॉल्ट घ्या. जो केएच कमी पडेल तो खायच्या सोड्याने भरून काढा. मामांचं मीठ स्वयंपाकघरात जाऊ द्या, टँकमध्ये नको.

मिठागराचं आधी संपवते, कारण किनाऱ्याकडच्या बऱ्याच जणांच्या मनात हा विचार येतोच: समुद्राचंच मीठ आहे, मग समुद्राच्या माशांना का चालू नये? समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांपैकी आपलं नेहमीचं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, साधारण ७७-७८ टक्के असतं. उरलेल्या भागात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट ही मंडळी आहेत आणि प्रवाळाचं सगळं त्यांच्यावर चालतं. मिठागरात पाणी आटत जातं तेव्हा हे क्षार एकदम खाली बसत नाहीत, क्रमाने बसतात. आधी कॅल्शियम कार्बोनेट, मग पाणी पाचव्या हिश्शावर आलं की जिप्सम, आणि दहाव्या हिश्शाच्या सुमारास मीठ. मीठ धरलं की वर राहिलेलं कडू पाणी सोडून देतात. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम त्या पाण्याबरोबर निघून जातं, कॅल्शियम तर आधीच्या कोंड्यांतच, म्हणजे वाफ्यांतच, राहिलेलं असतं. म्हणजे चांगला आगरी मुद्दाम जे वेगळं काढतो, नेमकं तेच आपल्याला हवं असतं. ते मीठ घालून रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं यंत्र) समुद्राइतका ३५ चा आकडा, म्हणजे किलोमागे ३५ ग्रॅम क्षार, आणता येईल, पण त्या पाण्यात हॅमर जगणार नाही.

थेट समुद्राचं पाणी आणायचं म्हटलं तर ठाण्याच्या खाडीचा विचारही नको. कोकणात खाली गेलात तरी पावसाळ्यात नद्यांच्या मुखाजवळ खारेपणा भराभर उतरतो, आणि वर्षभर दर आठवड्याला २० लिटर पाणी वाहून आणणं कोणाला जमत नाही. जाता जाता एक सांगते, कारण पाणी आणायला गेलेल्या माणसाला हा मोह होतो: मालवणच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नका, मेलेला दिसला तरी. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तो गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्याकडे ते प्रवाळ आधीच थोडे आहेत.

आता सॉल्ट मिक्सकडे. ‘चॅलेंजर’ जहाज समुद्राच्या अभ्यासासाठी १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरलं. त्याने आणलेल्या ७७ नमुन्यांचं पृथक्करण रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार यांनी केलं, तेव्हा हे पक्कं झालं की खुल्या समुद्राचं पाणी कुठलंही घ्या, खारेपणा थोडा कमीजास्त असेल, पण मुख्य क्षारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जवळजवळ तेच राहतं. म्हणूनच डब्यात भरून समुद्र विकता येतो. आपल्याला लक्षात ठेवायचे आकडे थोडेच आहेत. ३५ खारेपणाच्या पाण्यात लिटरमागे कॅल्शियम ४१० ते ४२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, पोटॅशियम ४०० च्या जवळ, आणि केएच साधारण ६.५ ते ७ डीकेएच. टँकमध्ये आपण केएच थोडा वर, ७ ते ९ दरम्यान ठेवतो. त्यातला कुठला आकडा धरता याला फारसं महत्त्व नाही. तो आठवड्याभरात वरखाली होऊ नये, याला आहे.

दुकानातल्या बादल्यांमध्ये खरा फरक इथेच आहे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बहुतेकांचं कामापुरतं असतं, केएच मात्र कंपनीगणिक बदलतो. रेड सी कंपनीची निळी बादली ८ च्या आसपास भरते, त्यांचीच काळी ‘कोरल प्रो’ १२ च्या आसपास. ट्रॉपिक मरीन प्रो रीफ समुद्राच्या जवळ राहतं. इन्स्टंट ओशन हे साधं सॉल्ट म्हणून ओळखलं जातं, तरी त्याचा केएच ११ च्या घरात जातो. त्यामुळे ‘साधं’ आणि ‘कोरलचं’ या दुकानातल्या विभागणीवर जाऊ नका, डब्यावर छापलेला केएच वाचा. तो कुठल्या खारेपणाला दिला आहे तेही बघा. काही जण ३३ ला देतात, काही ३५ ला. ३५ ला १२ असलेलं सॉल्ट ३३ ला ११.३ भरतं, आणि एवढ्यावरूनसुद्धा लोक दोन कंपन्यांची चुकीची तुलना करतात.

सूक्ष्म घटक जास्त आहेत म्हणून महागडं घ्या, असा सल्ला मिळाला तर तो बाजूला ठेवा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मार्लिन ॲटकिन्सन आणि क्रेग बिंगमन या अभ्यासकांनी बाजारातली आठ सॉल्ट तपासली होती. मुख्य घटक समुद्राच्या बऱ्यापैकी जवळ निघाले, पण बरेच सूक्ष्म धातू समुद्रापेक्षा कितीतरी जास्त होते. तेव्हापासून कंपन्यांनी आपले फॉर्म्युले बदलले असतील. तरीही झोआ-मश्रूमच्या टँकला, दर रविवारी पाणी बदललं जात असताना, सूक्ष्म घटकांची उणीव भासेल हे मला पटत नाही.

आता दुकानदाराचं म्हणणं. तो अगदीच चुकीचं सांगत नाही आणि म्हणूनच त्यावर जरा थांबायला हवं. हॅमरला दगडी सांगाडा असतो, तो बांधायला तिला कॅल्शियम आणि बायकार्बोनेट लागतं. काचेवर जांभळट कोरलाइन, म्हणजे चुनखडीचा थर धरणारं शेवाळ, चढत असेल तर तीही हेच खाते. समजा तुमचा टँक आठवड्याला अर्धा डीकेएच खातो. तुम्ही ८ चं सॉल्ट वापरता आणि १० टक्के पाणी बदलता, बाकी काहीच घालत नाही. तर टँक ८ वर राहील असं वाटतं, पण हिशोब तसा नाही. १० टक्के पाणी बदलून अर्धा डीकेएच परत मिळवायचा तर नव्या पाण्याचा केएच टँकपेक्षा ५ ने जास्त पाहिजे. म्हणजे टँक ३ पर्यंत उतरला तरच ८ चं पाणी त्याला अर्ध्याने वर आणणार. रविवारी ३.५, पुढच्या रविवारी ३, असा तो स्थिरावेल. प्रत्यक्षात इतकं खाली जाण्याआधीच प्रवाळांची वाढ मंदावते आणि मालकाला कळत नाही की मासे छान आहेत, पाणी वेळेवर बदलतोय, मग हॅमर का आखडली. दर आठवड्याला १० टक्के बदलत असाल तर सॉल्ट आणि टँक यांच्यातलं अंतर आठवड्याच्या खर्चाच्या ९ पट होतं. २० टक्के बदललंत तर ४ पट.

याच गणितात १२ चं सॉल्ट घाला. १२ मधून साडेचार गेले, साडेसात उरले. अगदी हवं तिथे. दुकानदाराचं गिऱ्हाईक खूश राहतं ते यामुळेच, आणि डोसिंग न करणाऱ्याला हे सॉल्ट सोयीचं पडतं हे खरं आहे.

तरी मी तुम्हाला ते सुचवत नाही. टँकची भूक सतत बदलते. आज हॅमरला दोन तोंडं आहेत, वर्षभरात सहा होतील, कोरलाइन मागच्या काचेवर पसरेल, अर्ध्याचा एक डीकेएच होईल, आणि १२ मधून ९ वजा होऊन टँक ३ कडे सरकायला लागेल. उलट समजा हॅमर दगावली आणि फक्त झोआ, मश्रूम राहिले. त्यांना सांगाडाच नाही, खर्च जवळजवळ शून्य. मग दर रविवारी टँक १२ कडे सरकत राहील. सात आठवड्यांत अर्धं अंतर कापेल. दोन्ही बाजूंनी तुमच्या हातात काही नाही, कारण बादलीतला आकडा बदलता येत नाही. सोड्याचा चमचा मात्र कमीजास्त करता येतो.

सोड्याचं माप सोपं आहे. १०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला सुमारे ३ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट लागतं. तुमच्या २०० लिटरच्या टँकमधून दगड आणि वाळूची जागा वजा केली तर पाणी १७० लिटरच्या आसपास असेल, म्हणजे अर्ध्या डीकेएचला अडीच ग्रॅम. किराणा दुकानातला खायचा सोडा चालतो, फक्त पाकिटावर सोडियम बायकार्बोनेट हा एकच घटक असल्याची खात्री करा. बेकिंग पावडर वेगळी, ती नको. ग्लासभर आरओ पाण्यात पूर्ण विरघळवून पॉवरहेडच्या (टँकमधलं पाणी फिरवणारा छोटा पंप) झोतात हळूहळू ओता.

आणि कॅल्शियम? तुमच्या टँकला ते वेगळं घालायची अजून गरज नाही. १ डीकेएच खर्च होतो तेव्हा सुमारे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम जातं. अर्ध्याला साडेतीन. त्याच्या ९ पट म्हणजे ३० ते ३२, आणि सॉल्टमध्ये ४३० असेल तर टँक ४०० च्या आसपास स्थिरावतो, जे उत्तम आहे. कॅल्शियम म्हणजे बँकेतली ठेव, केएच म्हणजे खिशातली चिल्लर. रोजचा खर्च सारखाच, पण चिल्लर आधी संपते. म्हणून पाणी बदलून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सांभाळलं जातं, केएच सांभाळला जात नाही. पुढे कधी ॲक्रोपोरासारखे प्रवाळ आणलेत आणि आठवड्याचा खर्च रोजचा झाला, तर टू-पार्ट डोसिंग (कॅल्शियम आणि केएच यांची दोन वेगळी द्रावणं घालणं) किंवा टॉप-अपच्या, म्हणजे बाष्पीभवनाची घट भरायच्या, पाण्यातून चुन्याची निवळी अशा गोष्टींकडे जावं लागेल. तेव्हाही ८ चं सॉल्ट बदलावं लागणार नाही, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सॉल्ट एकदा ठरलं की तेच राहावं.

त्यामुळे बादली घ्यायच्या आधी तुमच्या टँकची भूक मोजा. रविवारी पाणी बदलल्यावर तासाभराने केएच बघा, पुढच्या रविवारी पाणी बदलायच्या आधी पुन्हा बघा. घरगुती किटमध्ये ०.३ डीकेएचचा फरक सहज पडतो, म्हणून एका आठवड्यावर विश्वास ठेवू नका. चार-पाच आठवड्यांची सरासरी घ्या, किट तेच, वेळ तीच, आणि थेंब मोजणारा माणूसही तोच.

पाण्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण सॉल्ट कितीही चांगलं असलं तरी ते ज्या पाण्यात पडतं त्यावर पुढचं ठरतं. स्वयंपाकघरातल्या आरओ मशीनचं पाणी सरळ वापरू नका. बहुतेक घरगुती मशीनमध्ये चव राखायला टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, ते थोडं न गाळलेलं पाणी किंवा क्षार परत मिसळतं. आपल्याला टीडीएस शून्य पाहिजे, म्हणजे मेम्ब्रेननंतर उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनचा एक टप्पा हवा. ठाण्याचं नळाचं पाणी तसं मऊ आहे, रेझिन बरंच टिकतं. पण एप्रिल-मेमध्ये सोसायटीत टँकर यायला लागले की पाणी बहुधा बोअरवेलचं असतं. आपल्याकडच्या काळ्या खडकातून आलेल्या पाण्यात सिलिका भरपूर असते आणि रेझिन थकलं की ती सगळ्यात आधी निसटते. वाळूवर तपकिरी थर येऊ लागला की लोक सॉल्टला दोष देऊन कंपनी बदलतात. मीटरवर शून्याचा एक झाला की रेझिन बदला, पाच होण्याची वाट बघू नका. आणि रोज बाष्पीभवनाने जी पातळी उतरते ती याच बिनखाऱ्या पाण्याने भरा. पाणी उडून जातं, मीठ तिथेच राहतं.

दमट हवेबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण परदेशी डब्यांवर याविषयी फार कमी लिहिलेलं असतं. मी डोंबिवलीला राहते, तुमच्यासारखीच हवा. सॉल्ट मिक्समधलं मॅग्नेशियम क्लोराइड आणि कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतं. जुलैमध्ये झाकण नीट लागलं नाही तर वरचा थर आधी ओलसर होतो, मग दगड होतो. नुसता दगड झाला तर फोडून वापरता आला असता. पण त्या ओलाव्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट एकमेकांना भेटतात, बादलीतच कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं आणि ते पुन्हा विरघळत नाही. असं सॉल्ट मिसळलं की पाणी दुधाळ राहतं, तळाला पांढरी भुकटी बसते आणि केएच डब्यावरच्या आकड्यापेक्षा बराच कमी भरतो. काही दुकानांत मोठी बादली फोडून किलोकिलोच्या पिशव्या विकतात. त्या स्वस्त पडतात, तरी घेऊ नका. ती बादली कधी उघडली, किती दिवस उघडी राहिली, पिशवीत वरचा थर आला की तळाचा, यातलं काहीच तुम्हाला कळणार नाही.

तुम्हाला आठवड्याला २० लिटर पाणी लागतं. लिटरला साधारण ३६ ते ४० ग्रॅम धरलं तर पाऊण किलो सॉल्ट, वर्षाला ४० किलोच्या आसपास. २० ते २५ किलोची बादली सहा महिने पुरेल. जूनच्या तोंडावर नवी मोठी बादली उघडावी लागणार नाही असा मेळ घाला, किंवा पावसाळ्यापुरते सीलबंद छोटे पॅक घ्या. उघडावीच लागली तर आधी बंद बादली जमिनीवर आडवी लोळवा, दोन्ही बाजूंनी, कारण वाहतुकीत बारीक कण खाली आणि जाड वर असं झालेलं असतं. मग एका कोरड्या दुपारी रबरी कडेच्या झाकणांच्या प्लॅस्टिक डब्यांत वाटून ठेवा आणि एका वेळी एकच डबा उघडा. वजन करून घालायची सवय लावा. ओलसर सॉल्टचा कप आणि कोरड्याचा कप सारखा भरत नाही.

मिसळताना आधी पाणी, मग सॉल्ट, पॉवरहेड चालू ठेवून मूठमूठ. कोरड्या सॉल्टवर पाणी ओतलं तर सुरुवातीच्या दाट द्रावणातच कॅल्शियम खाली बसतं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी चांगलंच कढत असतं. ते २५-२६ अंशांवर येऊ द्या, कारण कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात जास्त लवकर बाहेर पडतं. १२ डीकेएचची सॉल्ट मिसळून फार वेळ ठेवायची नसतात, काही तासांतच वापरलेली बरी, काही कंपन्याही तसंच सांगतात. ८ ची आदल्या रात्री मिसळून ठेवता येतात. नोकरी सांभाळून टँक करणाऱ्याला शनिवारी रात्री मिसळून रविवारी सकाळी बदलता येणं ही मोठी सोय आहे, माझी निवड ८ कडे झुकते त्याचं हेही एक कारण.

खारेपणा रिफ्रॅक्टोमीटरने मोजा, पण तो नुसत्या आरओ पाण्यावर शून्य करून भागत नाही, ३५ ला तपासावा लागतो. बाजारात द्रावण मिळतं, नाहीतर घरी करा: ३६.५ ग्रॅम कोरडं बारीक मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओ पाणी. या द्रावणात प्रकाश जेवढा वळतो तेवढाच ३५ च्या समुद्रपाण्यात वळतो, म्हणून यंत्राने इथे ३५ दाखवलं पाहिजे. मामांचं मीठ इथे कामी येईल, चांगलं वाळवून आणि दळून घ्या.

सध्या घरात दुसऱ्या कंपनीचं सॉल्ट उरलं असेल तर ते टाकून देऊ नका. दोन्हींचा केएच वेगवेगळा मोजा. फरक दोन-तीनचा असला तरी १० टक्क्यांच्या बदलात टँक ०.२-०.३ नेच हलतो, तेवढं चालतं. फक्त नवी बादली सुरू केल्यावर पहिले काही आठवडे एकदम ३०-४० टक्के पाणी बदलू नका. आणि प्रत्येक नव्या बादलीतलं पहिलं पाणी टँकमध्ये ओतण्याआधी त्याचा खारेपणा ३५ ला आणून केएच तपासा, कंपनी तीच असली तरी, कारण एका बॅचपासून दुसऱ्या बॅचमध्ये फरक पडतो.